प्रस्तावना : कच्चं लिंबू कुठे बसवायचं?

मे महिन्याच्या सुट्टीतली दुपार. शिरढोणला आमच्या ओटीवर पाच-सहा पोरं माझ्या जुन्या लॅपटॉपला खेटून बसली होती आणि मी स्वतः केलेला एक खेळ त्यांना मोठ्या तोऱ्यात दाखवत होतो. काही डाउनलोड करायचं नाही, कुठे खातं उघडायचं नाही. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला, नाव लिहिलं की थेट मैदानात. एका वेळी पन्नास जण खेळू शकतील अशी व्यवस्था. पडद्यावर आपण म्हणजे एक अळी. दाणे वेचायचे, लांब व्हायचं, दुसऱ्या अळीच्या अंगावर डोकं आपटलं की खलास, आणि पुन्हा पहिल्यापासून. पोरं अर्धा-पाऊण तास रमली. मग त्यांतल्या एका मुलीने आपल्या पाच वर्षांच्या भावाला पुढे ढकललं आणि विचारलं, "काका, यात ह्याला कच्चं लिंबू कसं घ्यायचं?"

तशी सोय नाही, असं मी सांगितलं. "मग आम्ही बाहेरच खेळतो," म्हणून सगळी उठली. लॅपटॉपवर माझी अळी एकटीच फिरत राहिली.

मराठी घरात वाढलेल्या कुणालाही कच्चं लिंबू समजावून सांगावं लागत नाही. ते धावतं, लपतं, सगळ्यांबरोबर ओरडतं. मात्र ते बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. थोरल्यांचा खेळ बिघडत नाही आणि धाकट्याला खेळल्याचं समाधान मिळतं. त्यातच तो खेळ शिकतोही. दहा वर्षांची मुलं हा नियम चुटकीसरशी लावतात. मी ब्राउझरमधले खेळ बरीच वर्षं खेळत आलो आहे, काही लिहिलेही आहेत. त्यांत ही सोय मला कुठे भेटली नाही. माझ्या अळीच्या खेळात ती असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तो खेळ माझा नव्हताच. दुसऱ्याने केलेल्या खेळाची ती नक्कल होती, आणि तो दुसरा खेळही पूर्ण नवा नव्हता. हे पुस्तक त्या दुपारी सुरू झालं.

शिरढोण म्हटलं की वाचकाला वासुदेव बळवंत फडके आठवणार, आणि ते योग्यच आहे. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी ते इथे जन्मले. त्यांचा वाडा आजही गावात आहे. पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागलं आणि कर्नाळ्याचा सुळका खुणावू लागला की आमचं गाव येतं. संगणकावरच्या खेळांविषयीच्या पुस्तकाला हा पत्ता कशाला, असं कुणी विचारील. माझं उत्तर असं की दोन्ही जगं एका नजरेत दिसावीत अशी ही जागा आहे. रस्त्याच्या एका टोकाला नवी मुंबई आहे. तिथल्या 'गेमेशन' कंपनीने २०१६ साली 'लुडो किंग' आणला आणि २०२०च्या टाळेबंदीत तो घराघरांत पोचला. दुसऱ्या बाजूला इथली अंगणं आणि देवळासमोरची मोकळी जागा आहे. तिथे अजून डबा ऐसपैस रंगतो, आणि चार डोकी एका मोबाइलवर वाकून एकजण खेळतो, तिघं सल्ले देतात.

लुडोची गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण या पुस्तकाचं सगळं दुखणं तिच्यात आहे. सोंगट्यांचा पट, म्हणजे पचिशी, इथला. इंग्लंडमध्ये १८९६ साली त्याच्यावरून 'लुडो'चं पेटंट घेतलं गेलं आणि मग तोच खेळ पुठ्ठ्याच्या डब्यात बसून आपल्याकडे परत आला. या प्रवासात दोन गोष्टी गळाल्या. कवड्या गेल्या आणि एकच चौकोनी फासा आला. हे फारसं बिघडलं नाही. पण जोडीही गेली. पचिशीत समोरासमोरचे दोघे भिडू असतात, एका बाजूला काळ्या-पिवळ्या, दुसऱ्या बाजूला तांबड्या-हिरव्या. एकट्याच्या सोंगट्या घरात जाऊन भागत नाही; दोघांच्या गेल्या तरच डाव जिंकला. म्हणून घराच्या तोंडाशी आलेली आपली सोंगटी आत न नेता पुन्हा पटावर फिरवून, अडकलेल्या भिडूला वाट करून देता येते. हाताशी आलेला फायदा सोडून माणूस दुसऱ्यासाठी मागे फिरतो, यापेक्षा नाट्यमय चाल कुठल्या खेळात असेल? पुठ्ठ्यावरच्या लुडोत चौघे चार वाटांनी एकमेकांच्या जिवावर उठले. पडद्यावर पोचला तो हा लुडो. साडेतीन-चारशे वर्षांपूर्वीच्या खेळाडूला माहीत असलेली गोष्ट आपण तंत्रज्ञानाच्या जोरावर परत आणू शकलो असतो. आपण फाशाची खडखड मात्र हुबेहूब आणली.

ब्राउझरमधल्या मल्टिप्लेअर खेळांचा इतिहास पाहिला तर असं गळणं पुनःपुन्हा दिसतं. सुरुवात ब्राउझरच्याही आधीची, आणि मोठी आशादायक होती. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 'मड' नावाचं जग नुसत्या शब्दांतून उभं केलं. चित्र एकही नाही. तुम्ही टंकायचं, उत्तरही शब्दांत यायचं, आणि त्याच खोलीत दुसरा जिवंत माणूस उभा असायचा. १९९०च्या सुमारास पॅव्हेल कर्टिस यांच्या 'लॅम्डामू'मध्ये खेळणाऱ्यांना स्वतः खोल्या बांधता येत, वस्तू घडवता येत, त्या वस्तूंनी कसं वागायचं तेही लिहिता येत असे. १९९२ साली कर्टिस यांनी जाहीरच केलं की इथल्या भांडणांचा न्यायनिवाडा यापुढे व्यवस्थापक करणार नाहीत, रहिवाशांनी आपलं आपण पाहावं. पुढे त्यांना ही भूमिका बदलावी लागली. पण नियम कुणाच्या हातात असावेत हा प्रश्न त्या माणसाने उघड्यावर आणला होता.

मग ब्राउझर आला आणि त्याने दार सताड उघडलं, पण एक अडचण घेऊन. ब्राउझरची मूळ रीत पत्रव्यवहाराची. ब्राउझरने विचारायचं, सर्व्हरने उत्तर द्यायचं. सर्व्हरला आपणहून हाक मारायची मुभा नाही. कबड्डीच्या चढाईला असा पत्रव्यवहार चालत नाही. म्हणून ज्यांना सतत हालचाल हवी होती त्यांनी जावा किंवा फ्लॅशचा टेकू घेतला; २००१चा 'रुनस्केप' जावावर उभा होता. ज्यांना टेकू नको होता त्यांनी वाट पाहण्यालाच खेळ केलं. जर्मनीतले 'ओगेम' (२००२) आणि 'ट्रॅव्हियन' (२००४) हे त्यांतले गाजलेले. खाण वाढवा, कोठार बांधा, काही तास थांबा, शेजाऱ्यावर धाड घाला. अडचणीतून निघालेली ती खरी युक्ती होती आणि मी तिला मानतो. पण २००९ साली फेसबुकवर 'फार्मव्हिल' आला, आणि वाट पाहणं हे आमिष झालं. वेळेवर परतला नाहीत तर पीक सुकणार! शेजारी उरला तो फक्त मदतीचे निरोप पाठवण्यापुरता. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार संपला, त्याच दिवशी 'फार्मव्हिल'ही मिटला. फ्लॅशवरचे हजारो छोटे खेळ त्याच्याबरोबर ब्राउझरमधून नाहीसे झाले.

तोपर्यंत मूळ अडचण मात्र सुटली होती. डिसेंबर २०११मध्ये 'वेबसॉकेट' हे प्रमाण ठरलं. त्यामुळे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात एक वाट कायम उघडी राहू लागली. दोघांनाही हवं तेव्हा बोलता येऊ लागलं. आता काहीतरी न पाहिलेलं येईल असं आम्हा मंडळींना वाटत होतं. २०१५ साली ब्राझीलच्या एकोणीस वर्षांच्या माथेउस व्हालादारेसने 'अगार.आयओ' आणला. आपण एक गोळा, लहानांना गिळायचं, मोठ्यांपासून पळायचं. समजायला पाच सेकंद लागतात. पुढच्या वर्षी 'स्लिदर.आयओ' आला आणि गोळ्याची अळी झाली. मग रणगाडे आले, जहाजं आली, जमीन व्यापणारे चौकोन आले. हिंदी महासागरातल्या छागोस बेटांच्या वाट्याचं '.आयओ' हे शेपूट एका खेळप्रकाराचं नाव होऊन बसलं. कातडी दरवेळी वेगळी, सांगाडा एकच: लहान जन्मा, खा, फुगा, मरा, पुन्हा जन्मा, आणि कोपऱ्यातल्या यादीत आपलं नाव शोधा.

पहिल्या खेळाला मी कमी लेखत नाही. नंतर येणाऱ्यांचे, म्हणजे माझ्यासारख्यांचे हात का बांधले गेले, ते मला समजून घ्यायचं होतं. पहिलं कारण रिकाम्या मैदानाचं. गोष्टीचं पुस्तक एकट्याने वाचता येतं. मल्टिप्लेअर खेळ उघडला आणि आत कुणीच नसलं तर तो खेळच नव्हे. नव्या खेळाला पहिले वीस जण एकाच क्षणी हवे असतात आणि ते मिळत नाहीत. त्यामुळे करणारा दोन पळवाटा काढतो. माणसांची नावं लावून यंत्राचे खेळाडू सोडतो, किंवा येणाऱ्याला आधीच ठाऊक असलेला खेळ देतो, म्हणजे समजावण्यात त्याचा वेळ जात नाही. दुसऱ्या पळवाटेचंच नाव नक्कल.

दुसरं कारण खर्चाचं आणि लबाडीचं. ब्राउझरमधला कोड कुणालाही उघडून पाहता येतो, बदलता येतो. म्हणून प्रत्येक चालीचा निकाल सर्व्हरला द्यावा लागतो, आणि सर्व्हरचं भाडं महिन्याच्या महिन्याला येतं. ते जाहिरातींतून फेडायचं तर फेरी छोटी हवी आणि मरण लवकर यायला हवं, कारण जाहिरात दोन जन्मांच्या मधे दाखवतात. शिवाय वेबसॉकेटच्या वाटेवर पाकिटं रांगेने चालतात. एक हरवलं की मागची सगळी खोळंबतात. चपळ चकमकीला हे जाचतं. पडद्यावर संथ तरंगणारे गोळे आणि अळ्या इतके का बोकाळले, याचं एक उत्तर मला इथे दिसतं.

तिसरं कारण मुकेपणाचं. अनोळखी माणसांना बोलू दिलं की शिवीगाळ येते, लहान मुलं असली तर त्याहून वाईट येतं, आणि लक्ष ठेवायला माणसं नेमावी लागतात. त्यापेक्षा बोलणंच बंद करणं स्वस्त. हसरा चेहरा, रडका चेहरा आणि चार तयार वाक्यं, एवढीच भाषा उरते. एका खेळात तर मला माझं नाव देवनागरीत लिहू दिलं नाही. चौकटीला फक्त रोमन अक्षरं चालत होती.

ही तिन्ही कारणं खरी असली तरी मुळाशी चौथं आहे. अंगणातला खेळ सुरू होण्याआधी दहा मिनिटं वाद चालतो. "आमच्यात दोन टप्प्यांचा कॅच चालतो." "झाडाला हात लावला की सेफ." "टाइमप्लीज एकदाच." तळहात उलटेसुलटे टाकून एकेक जण सुटत जातो आणि उरतो त्याच्यावर राज्य. हा वाद आपण खेळाच्या आधीची कटकट समजतो. मला आता तो खेळाचा निम्मा भाग वाटतो, कारण नवा नियम जन्मतो तो तिथेच. गावोगावचे डबा ऐसपैस वेगळे आहेत ते त्यामुळे. ब्राउझरमध्ये नियम सर्व्हरच्या कुलपात असतो. खेळणाऱ्याला त्याच्याशी वाद घालता येत नाही, आणि वाद नाही तिथे काही नवं उगवत नाही. आमच्या क्षेत्रात नवेपणाचा दुष्काळ आहे तो कल्पक माणसं नाहीत म्हणून नव्हे. लाखो कल्पक माणसं रोज येतात आणि त्यांच्या हातात आपण फक्त बाणाची चार बटणं देतो.

नियमांची थोडी ढील दिली की काय होतं त्याचे दोन दाखले या पुस्तकात विस्ताराने आले आहेत. १ एप्रिल २०१७ रोजी 'रेडिट'वर हजार गुणिले हजार ठिपक्यांचा एक कोरा पट ठेवला गेला. सोळा रंग. एक ठिपका रंगवला की पुढच्यासाठी काही मिनिटं थांबायचं. तीन दिवसांत दहा लाखांहून अधिक लोकांनी त्यावर झेंडे, चित्रं, हृदयं काढली, एकमेकांची पुसली, तह केले, सीमा आखल्या. थांबणं इथेही होतं. पण एकट्याला काहीच काढता येत नाही एवढं ते लांब होतं. त्यामुळे माणूस शेजाऱ्याकडे वळला. जून २०२४मध्ये नोलन रॉयल्टी या अमेरिकी प्रोग्रामरने दहा लाख चौकोनांचं एक पान ठेवलं. कुणीही खूण करा. ती जगभर सगळ्यांना दिसायची, आणि कुणालाही पुसता यायची. बस. थोड्याच दिवसांत काही किशोरवयीन मुलांनी खुणांच्या ओळींत एक-शून्यांच्या लिपीत निरोप दडवायला सुरुवात केली. करणाऱ्याने हे योजलं नव्हतं. त्याने ते पाहिलं आणि कौतुकाने चालू दिलं. दोन्ही ठिकाणी चित्रांची झगमग नव्हती, पैसा नव्हता, जिंकणं-हरणंही नव्हतं.

मग आपल्या मैदानांकडे पाहू लागलो तेव्हा लक्षात आलं की खेळाच्या रचनेची केवढी पुंजी इथे उघड्यावर पडली आहे. बाद झालेल्या माणसाचं काय करायचं, या एका प्रश्नाला हुतूतूने तीन उत्तरं दिली. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला एक जिवंत होतो. गामिनीत गेलेला गेला. अख्खा संघ संपेपर्यंत तो बाहेर. अमरमध्ये कुणी बाहेर जातच नाही, फक्त गुण मोजायचे. तीन उत्तरं, तीन वेगळे ताण. '.आयओ' मंडळींकडे एकच उत्तर आहे: पुन्हा पहिल्यापासून.

खो-खो घ्या. पाठलाग करणाऱ्याला उलट फिरता येत नाही, मधली रेघ ओलांडता येत नाही. त्याला इतकं जखडलं आहे की बसलेल्याला खो दिल्यावाचून गत्यंतर नाही. आठ जण आळीपाळीने विरुद्ध तोंडं करून बसतात, तेही त्यासाठीच. बंधनातून सहकार्य कसं काढावं याचा हा धडा आहे. शिवाय पाठलाग करणारा एका वेळी एकच असल्याने, कमजोर नेटवर आणि स्वस्त सर्व्हरवर चालवायला याच्याइतकी सोयीची रचना मला दिसली नाही. आणि डबा ऐसपैस! दोघं आडोशाला शर्टांची अदलाबदल करतात, राज्य असलेला चुकीच्या नावाने ओरडतो आणि पुन्हा त्याच्यावरच राज्य. ही गंमत पडद्यावर होऊच शकत नाही, कारण तिथे प्रत्येकाच्या डोक्यावर नावाची पाटी तरंगत असते. ती पाटी काढून टाका, एवढी एक सूचनाही एक नवा खेळ देऊन जाते.

एक आक्षेप मला माझ्याच मित्रांनी घेतला. जुनं ते चांगलं असेल तर जुनंच का खेळू नये? २०१०पासून चालणारं 'लीचेस' बुद्धिबळच देतं, जाहिरातींशिवाय, फुकट. त्यात काय खोट आहे? काहीच नाही. बुद्धिबळाला एकांत आणि शांतता मानवते, ती ब्राउझरने त्याला दिली. माझी तक्रार जुन्या खेळाविषयी नाही. माध्यमाच्या स्वभावाकडे न पाहता केलेल्या नकलेविषयी आहे. ब्राउझरचा स्वभाव ओटीचा आहे. दार उघडं, जाता-येता कुणीही डोकावतं, कुणी अर्ध्यातच उठून जातं, धाकटी पोरं मांडीवर असतात. ओटीवर खेळायचा खेळ ओटीसारखाच हवा: मधेच येणाऱ्याला सामावून घेणारा, जाणाऱ्यामुळे न मोडणारा, आणि एका मोबाइलभोवती बसलेल्या तीन सल्लागारांनाही गडी मानणारा.

दुसरा आक्षेप बाजाराचा. आपल्याकडे गेली काही वर्षं खेळांच्या धंद्यातली बरीच बुद्धी रमी आणि पैसे लावायच्या खेळांकडे वळली होती. ऑगस्ट २०२५मध्ये केंद्राने कायदा करून अशा ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. ती योग्य की अयोग्य, याची चर्चा इथे करत नाही. पण काही हुशार हात मोकळे झाले आहेत, आणि त्यांनी पुन्हा अळ्याच कराव्यात असं मला वाटत नाही.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिल्यात पनवेल तालुक्यातल्या आमच्या आसपास खेळले जाणारे खेळ, मुलांनी सांगितले तसे, वादांसकट उतरवले आहेत. दोन वाड्यांत नियम निराळे असतील तर दोन्ही दिले आहेत. दुसऱ्यात ब्राउझर आणि सर्व्हर एकमेकांशी कसे बोलतात ते चालू मराठीत मांडलं आहे. सर्व्हरला सर्व्हरच म्हटलं आहे. प्रतिशब्दांचा अट्टहास केलेला नाही. तिसऱ्या भागात दहा छोट्या खेळांचे आराखडे आहेत. त्यांतले चार मी करून पाहिले, दोन साफ फसले. फसले ते का, हे मुद्दाम लिहिलं आहे, कारण मला स्वतःला त्या प्रकरणांचा जास्त उपयोग झाला. ज्याला प्रोग्रामिंग येत नाही त्याने पहिला आणि तिसरा भाग वाचला तरी चालेल. ज्याला ते येतं त्याने पहिला भाग वगळू नये, एवढी विनंती.

ऋण मानायचं ते ओटीवरच्या पोरांचं. त्यांची नावं इथे देत नाही. लहान मुलांची नावं छापू नयेत असं माझं मत आहे. नव्या खेळात मी अखेर कच्चं लिंबू बसवलं. मग प्रश्न आला की त्याने पक्कं कधी व्हायचं आणि ते ठरवायचं कुणी. मी आकडे मांडत होतो: इतक्या फेऱ्या, इतके गुण. पोरांनी माझे आकडे ऐकूनही घेतले नाहीत. त्यांनी ठरवलं की ज्याला पक्कं व्हायचंय त्याने सांगायचं आणि बाकी सगळ्यांनी हो म्हणायचं. एकजण जरी नाही म्हणाला तरी थांबायचं. तसं बटण मी करून दिलं. गेल्या आठवड्यात त्या मुलीच्या भावाने ते दाबलं. सगळ्यांनी हो म्हटलं, फक्त बहीण नाही म्हणाली. त्यावरून ओटीवर जे भांडण पेटलं, ते हे लिहीपर्यंत मिटलेलं नाही.

शिरढोण, ता. पनवेल, जि. रायगड